डी.एल.एड., बी.एड.ला जायचंय? फी सवलत अर्जात नाही, प्रवेशाच्या दारातच ठरते

केम (ता. करमाळा) : बारावीचा निकाल लागला की केम आणि आसपासच्या गावांत अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. पोरीला मास्तरीण करायची, पण दोन वर्षांची फी कुठून आणायची? कुणी सांगतं, मुलींना आता सगळं फुकट आहे. कुणी सांगतं, काही मिळत नाही, नुसते हेलपाटे. दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत. शासनाची मदत आहे आणि ती बऱ्यापैकी मोठी आहे. पण ती मिळणार की नाही, हे महाडीबीटीचा अर्ज भरताना ठरत नाही. प्रवेश कोणत्या पद्धतीनं घेतला आणि त्या दिवशी हातात कोणते दाखले होते, यावरच ते बहुतेक ठरून गेलेलं असतं. म्हणून निकालानंतरची धावपळ सुरू होण्याआधी ही माहिती घरात नीट वाचून घ्यावी.

वाटा दोन, खाती वेगळी

शिक्षक व्हायला मुख्य वाटा दोन. पहिली डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड. बारावीनंतर दोन वर्षं. कला, वाणिज्य, विज्ञान कोणतीही शाखा चालते. बारावीला खुल्या प्रवर्गाला 49.5 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 44.5 टक्के गुण लागतात. याचे प्रवेश पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ऑनलाइन पद्धतीनं करते. जिल्ह्यातली जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे 'डाएट', माळशिरस तालुक्यात वेळापूरला आहे.

दुसरी वाट बी.एड. ही पदवीनंतरची. 2015 पासून हा अभ्यासक्रमही दोन वर्षांचा झाला. पदवीला खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, राखीवला 45 टक्के लागतात, आणि आधी राज्य सीईटी कक्षाची बी.एड. सीईटी द्यावी लागते.

कोणती वाट धरायची हे पगाराकडे बघून ठरवू नये. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2023 रोजी दिला. म्हणजे गावच्या जिल्हा परिषद शाळेत लहान वर्गांना शिकवायचं असेल तर डी.एल.एड.च लागतं. 'बी.एड. मोठं, त्यात डी.एड. येऊनच जातं' हा जुना समज आता चालत नाही.

मदतीच्या दृष्टीनंही फरक आहे. बी.एड. उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे येतं, डी.एल.एड. शालेय शिक्षण विभागाकडे. एका विभागाचा निर्णय दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. अनेकांची फसगत नेमकी इथंच होते.

कुणाला काय मिळतं

अनुसूचित जाती : भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावं. यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काबरोबर वर्षाला एक भत्ता मिळतो. अभ्यासक्रमाच्या गटाप्रमाणे वसतिगृहात राहणाऱ्याला तो 4,000 ते 13,500 रुपये आणि घरून ये-जा करणाऱ्याला 2,500 ते 7,000 रुपये असा आहे. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं तरी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे, तिला 'फ्रीशिप' म्हणतात. 'उत्पन्न वर गेलं, आता काही नाही' असं समजून अर्जच न भरणं चुकीचं आहे.

अनुसूचित जमाती : इथंही शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख आणि त्यावरच्यांना फी सवलतीची वेगळी योजना. खातं आदिवासी विकास विभाग.

विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग : धनगर, वंजारी, वडार, कैकाडी अशा समाजांतली मुलं इथं येतात. उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि नॉन-क्रीमीलेअर दाखला असेल तर शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के. याशिवाय कमी उत्पन्नाच्या घरांसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे, तिची उत्पन्न मर्यादा यापेक्षा बरीच कमी आहे.

ओबीसी : आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मुलांना शिक्षण व परीक्षा शुल्काच्या निम्मी रक्कम. मुलींचं पुढं सांगितलं आहे.

खुला प्रवर्ग, ईडब्ल्यूएस, एसईबीसी : राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. लोक हिला अजून 'ईबीसी सवलत' म्हणतात. उत्पन्न आठ लाखांपर्यंत, निम्मी फी. घरातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो. मराठा समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी 2024 पासून एसईबीसी प्रवर्ग लागू आहे, त्यांनी आपला दाखला कोणत्या प्रवर्गाचा आहे हे पाहूनच अर्ज भरावा. एसईबीसीचा दाखला आणि ईडब्ल्यूएसची सवलत अशी सरमिसळ चालत नाही.

अल्पसंख्याक : मुस्लिम, जैन, बौद्ध, ख्रिश्चन वगैरे समाजांतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची वेगळी शिष्यवृत्ती महाडीबीटीवर आहे. एकाच वर्षात फीसाठी दोन योजनांचा लाभ घेता येत नाही, म्हणून कोणती जास्त फायद्याची ते आधी बघावं.

डी.एल.एड.ला जाणाऱ्यांनी एक करावं. प्रवेश पक्का करण्याआधी महाडीबीटीवर 'योजना पात्रता' या भागात आपला प्रवर्ग, उत्पन्न आणि अभ्यासक्रम टाकून कोणत्या योजना दिसतात ते पाहावं, आणि अध्यापक विद्यालयाच्या लिपिकाला गेल्या वर्षी आपल्या प्रवर्गातल्या मुलांना कोणत्या योजनेतून पैसे आले ते विचारावं. हा प्रश्न विचारायला लाजायचं कारण नाही.

'मुलींना शंभर टक्के' याचा खरा अर्थ

8 जुलै 2024 रोजी राज्य शासनानं निर्णय काढला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आधी शिक्षण व परीक्षा शुल्कात निम्मी सवलत होती, ती 2024-25 पासून शंभर टक्के झाली. घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं. पण याला चार अटी आहेत आणि गावात चर्चा होते तेव्हा या अटीच गळून पडतात.

एक, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप' फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा आणि संस्थास्तरावरचा प्रवेश यात धरत नाहीत.

दोन, खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात नाहीत. नावात 'युनिव्हर्सिटी' आहे म्हणून सवलत मिळेल असं नाही, उलट अशा ठिकाणी जास्त चौकशी करावी.

तीन, माफी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची आहे. गणवेश, ग्रंथालय, सहल, पाठांची साहित्य-वही, वसतिगृह हा खर्च घरचाच.

चार, निर्णयात उच्च व तंत्र शिक्षण, वैद्यकीय शिक्षण, कृषी वगैरे विभागांच्या अभ्यासक्रमांचा उल्लेख आहे. बी.एड. त्यात बसतं. डी.एल.एड. शालेय शिक्षण विभागाचं असल्यामुळे तेही त्यात आहे असं गृहीत धरून पैशाची तजवीज सोडू नये.

एकच मुलगी, एकच कॉलेज, दोन हिशेब

समजायला एक उदाहरण धरू. आकडे फक्त हिशेबासाठी आहेत, प्रत्येक कॉलेजची फी वेगळी असते. बी.एड.चं शिक्षण व परीक्षा शुल्क वर्षाला 40 हजार आणि बाकीचे खर्च 6 हजार धरले.

ओबीसी प्रवर्गातली मुलगी कॅप फेरीतून आली तर तिचे 40 हजार माफ. घरून जाणार 6 हजार, दोन वर्षांत 12 हजार. तीच मुलगी, तेच कॉलेज, तोच वर्ग. पण कॅपची मुदत चुकवून नंतर संस्थास्तरावर किंवा मॅनेजमेंट कोट्यातून आली, तर वर्षाला 46 हजार, दोन वर्षांत 92 हजार. फरक 80 हजारांचा. गुण तेच, जात तीच, गरिबी तीच. फक्त प्रवेशाचं दार वेगळं.

एससी विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीलाही मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश चालत नाही. म्हणून 'कॅपबिप कशाला, आम्ही थेट घेतो' असं कुणी म्हणालं तर हा हिशेब आठवावा. कॉलेजची जागा भरते, नुकसान मात्र घराचं होतं. प्रवेश घेताना मिळणाऱ्या वाटपपत्रावर 'कॅप' असं स्पष्ट आहे का आणि प्रवेशाचा प्रकार काय लिहिला आहे, हे स्वतः वाचावं आणि त्या कागदाची प्रत जपून ठेवावी.

बी.एड.च्या खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ठरलेल्या फीपेक्षा जास्त मागितली तर पावती मागावी. पावती न देता घेतलेल्या पैशाचा पुढं कुठंच पुरावा राहत नाही.

दाखले : जूनमध्ये नाही, त्याआधी

बी.एड. सीईटीचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत भरले जातात आणि परीक्षा साधारण मार्चच्या आसपास होते. कागदाला हात जूनमध्ये लावला तर उशीर झालेला असतो. कारण त्याच वेळी सगळ्या तालुक्याची पोरं सेवा केंद्रावर आणि तहसीलवर गर्दी करतात.

उत्पन्नाचा दाखला : तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा अहवाल घेऊन अर्ज सेवा केंद्रातून होतो, दाखला तहसीलदार देतात. लोकसेवा हक्क कायद्याखाली याची मुदत 15 दिवस आहे. दाखल्यावर तो कोणत्या 31 मार्चपर्यंत वैध आहे हे लिहिलेलं असतं, ते बघावं. मार्च संपायच्या आदल्या आठवड्यात काढलेला दाखला एप्रिलमध्ये बाद होऊ शकतो.

नॉन-क्रीमीलेअर : ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी आणि एसईबीसी यांना लागतो. हा प्रांत कार्यालयाकडून येतो, त्यामुळे वेळ जास्त धरावा. इथं शेतकरी घरांचा एक गोंधळ होतो. क्रीमीलेअर ठरवताना शेतीचं उत्पन्न आणि पगार उत्पन्नाच्या मर्यादेत धरत नाहीत. पण शिष्यवृत्तीच्या उत्पन्न दाखल्यात घरचं सगळं उत्पन्न येतं, शेतीसुद्धा. त्यामुळे एका दाखल्यावरचा आकडा दुसऱ्याशी जुळला नाही तर घाबरायचं कारण नाही, दोन्हींचे नियमच वेगळे आहेत.

जात वैधता : यात सगळ्यात जास्त वेळ जातो. बी.एड.सारख्या प्रवेशात राखीव जागेवर बसायला नुसता जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. काम सोलापूरच्या जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे चालतं, अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी असते. एससी घराला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, व्हीजेएनटीला 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि ओबीसी, एसबीसीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुनी महसुली नोंद यातलं जे सापडेल ते. घरात वडील, काका, सख्खा भाऊ यांच्यापैकी कुणाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत जोडावी, काम बरंच सोपं होतं. अर्ज बारावीतच टाकावा.

रहिवास दाखला : म्हणजे डोमिसाईल. एकदाच काढावा लागतो, पुढं नोकरीलाही लागतो.

शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं : सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का ते बघावं. आधारवर एक आणि दहावीच्या गुणपत्रकावर दुसरं स्पेलिंग असेल तर अर्ज तिथंच अडतो. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं. आडनाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा कागद लागतो. शिक्षण पूर्ण होईपर्यंत आधारवरचं नाव न बदललेलं बरं.

पैसा खात्यात का येत नाही

पीएम किसानचे दोन हजार जसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, तसंच शिष्यवृत्तीचं आहे. अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला याला फार महत्त्व नाही. आधार क्रमांक सगळ्यात शेवटी ज्या बँक खात्याला जोडला, पैसे त्याच खात्यात जातात. त्यामुळे होतं असं की पोरगी नव्या खात्याकडे डोळे लावून बसते आणि पैसे पाचवीत असताना काढलेल्या जुन्या खात्यात पडून राहतात. कधी ते खातं व्यवहार नसल्यामुळे बंद झालेलं असतं, मग पैसे परत जातात.

त्यासाठी तीन गोष्टी बघाव्यात. आधारला कोणती बँक जोडलेली आहे ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतःच्या मोबाईलवर दिसतं. ते खातं विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावावर आणि चालू हवं. आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर घरातच हवा, कारण प्रत्येक वेळी ओटीपी त्यावरच येतो. आधारशी जोडणी करायची असेल तर बँकेत 'आधार सीडिंग'चा फॉर्म द्यावा. नुसतं केवायसी केलं म्हणजे सीडिंग झालं असं नाही. पोस्टाच्या पेमेंट बँकेतही असं खातं काढता येतं.

अर्ज भरला म्हणजे काम संपलं नाही

महाडीबीटीवर अर्ज सबमिट झाला की तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे, तिथून संबंधित विभागाच्या कार्यालयाकडे जातो. समाजकल्याण योजनांचं जिल्ह्याचं कार्यालय सोलापूरला आहे. यातल्या कोणत्याही टेबलावर अर्ज थांबू शकतो किंवा त्रुटी लावून परत येऊ शकतो. परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर त्या वर्षाचा लाभ जातो.

म्हणून दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून अर्ज कुठं आहे ते बघावं. युजरनेम आणि पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवावा. सेवा केंद्रवाल्याच्या नंबरवर आणि त्याच्याच ई-मेलवर प्रोफाईल उघडू देऊ नये. तो पुढं दुकान बंद करून गेला तर अर्जाची किल्ली त्याच्याबरोबर जाते. मंजुरीनंतर आपल्या लॉगिनमध्ये 'रिडीम' असा पर्याय दिसला तर तो वेळेत दाबावा.

दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज, म्हणजे नूतनीकरण करावं लागतं. पहिल्या वर्षी मिळाले म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाहीत. हजेरी 75 टक्के लागते. पेरणी, खुरपणी, लग्नसराई यात महिना-महिना वर्ग बुडाला तर हजेरीवरून अर्ज अडू शकतो.

खात्यात आलेली फी आपली नसते

एससी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा 60 टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फीही असते. ती ठरलेल्या मुदतीत कॉलेजला भरायची असते. पण घरात पैशाची नड असते, मोबाईलवर मेसेज येतो, आणि ते पैसे खताला, दवाखान्याला किंवा बचत गटाच्या हप्त्याला जातात. वर्षाच्या शेवटी कॉलेज परीक्षेचा अर्ज किंवा गुणपत्रक अडवतं, तेव्हा मग सावकाराकडे जायची वेळ येते. त्यामुळे पैसे आले की आधी त्यातली फी किती आणि आपला भत्ता किती हे कॉलेजकडून लिहून घ्यावं. भत्ता खर्च करावा, फीला हात लावू नये.

राहण्या-जेवण्याचं काय

केमला रेल्वे स्टेशन आहे, ही या भागाची मोठी सोय. जेऊर, कुर्डूवाडी, सोलापूर एका लाइनवर आहेत. तरी रोज जाऊन-येऊन पाठांची तयारी, सराव शाळा आणि घरचं काम जमत नाही, असं अनेक मुलींच्या बाबतीत होतं. मग खोली घ्यावी लागते आणि फी माफ होऊनही शिक्षण महाग पडतं. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत.

पहिली पायरी शासकीय वसतिगृह. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहणं-जेवण मोफत असतं. तिथं अर्ज करूनही जागा मिळाली नाही, तर एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुण्यासारख्या शहरांसाठी ही रक्कम वर्षाला 60 हजार आहे, इतर ठिकाणी त्याहून कमी. उत्पन्न मर्यादा अडीच लाख. आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आणि ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी विद्यार्थ्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना अशाच धर्तीवर आहेत. या योजनांत गावाच्या हद्दीतल्या विद्यार्थ्याला त्याच गावातल्या कॉलेजसाठी मदत मिळत नाही, बाहेर राहावं लागतं.

खुल्या, ईडब्ल्यूएस व एसईबीसी प्रवर्गासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. यात अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना जास्त रक्कम मिळते. जमीन अल्पभूधारकाच्या मर्यादेत असेल तर तहसीलमधून अल्पभूधारक दाखला आधीच काढून ठेवावा. हा एक कागद नसल्यामुळे अनेक शेतकऱ्यांची मुलं कमी रकमेच्या गटात राहतात.

शिक्षक घडवायला हात देणं ही जुनीच रीत

आपल्याकडं हे काम शासनाच्या आधी माणसांनी सुरू केलं. सावित्रीबाई फुले शिकवायला उभ्या राहिल्या त्याआधी त्यांनी अहमदनगर आणि पुण्यात अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1935 मध्ये साताऱ्याला ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू केलं. खेड्यातली शाळा चालवायची तर खेड्यातलाच शिकलेला मास्तर हवा, हे त्यांनी ओळखलं होतं. पैसे नसलेल्या मुलानं काम करून शिकावं, ही त्यांची वाट. आजच्या योजना त्याच गरजेतून आलेल्या आहेत. मदत मागणं म्हणजे कुणापुढं हात पसरणं नाही.

'घरबसल्या बी.एड.'पासून लांब

'परीक्षेलाच यायचं, बाकी आम्ही बघतो' असं सांगणारे एजंट मोबाईलवर आणि बसस्थानकाच्या भिंतीवर दिसतात. बाहेरच्या राज्यातलं कॉलेज, हजेरी नाही, पैसे रोख. अशा प्रवेशाला महाडीबीटीची कोणतीही सवलत मिळत नाही. कॉलेजला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीटीईची मान्यता नसेल तर ती पदवी भरतीतही चालत नाही. कॉलेजचं नाव एनसीटीईच्या यादीत आहे का हे पाहायला पाच मिनिटं लागतात.

नोकरीचं खरं चित्र

फी माफ झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही, हेही घरात स्पष्ट असावं. डी.एल.एड. किंवा बी.एड. झाल्यावर पहिली ते आठवीसाठी टीईटी पास व्हावी लागते. मग अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, आणि पवित्र पोर्टलवरून भरती. टेट 2017 मध्ये झाली, त्यानंतर थेट 2023 मध्ये, मग 2025 मध्ये. मधल्या काळात अनेक पात्र मुलं-मुली शेतात, दुकानात किंवा खासगी शाळेत तुटपुंज्या मानधनावर राबत राहिली. म्हणून कर्ज काढून, जमीन गहाण ठेवून मॅनेजमेंट कोट्यात प्रवेश घेण्याआधी दहादा विचार व्हावा. सवलतीत शिकलेल्याला वाट पाहणं परवडतं. कर्जात शिकलेल्याला व्याज थांबू देत नाही.

या महिन्यात काय करावं

मुलगा किंवा मुलगी बारावीत असेल तर जात वैधतेचा अर्ज शाळेमार्फत आत्ताच टाकावा. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल तर सीईटीची तारीख आणि कॅपची नोंदणी यावर लक्ष ठेवावं. एप्रिल सुरू झाला की नव्या वर्षाचा उत्पन्न दाखला काढावा. आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे ते एकदा बघावं. प्रवेशाच्या दिवशी वाटपपत्र, फीची पावती आणि सगळ्या दाखल्यांच्या दोन-दोन प्रती एका फाईलमध्ये ठेवाव्यात. महाडीबीटी सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात अर्ज भरावा, शेवटच्या रात्री सर्व्हर चालत नाही हा सगळ्यांचा अनुभव आहे.

कॉलेजनं सवलतीस पात्र असूनही पूर्ण फी आधी भरायला लावली, तर तोंडी वाद घालत बसू नये. प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि बी.एड.चं असेल तर तीच प्रत विभागीय सहसंचालक, उच्च शिक्षण यांच्या कार्यालयाला पाठवावी. एससी आणि इतर मागास प्रवर्गाच्या योजनांची तक्रार सोलापूरच्या संबंधित जिल्हा कार्यालयात करता येते. कागदावर पोच असली की पुढच्या टेबलावरही काम अडून राहत नाही.